सेनापती चांगुणा अटकेत

सहादेवराव वाळुंजांचं राज्य पहिल्यांदा बुडालं ते सकाळचा चहा गार व्हायच्या आत. दुसऱ्यांदा बुडालं ते दाढी करताना, आणि तिसऱ्यांदा तर ते भाजी घेत असताना त्यांच्या अपरोक्षच बुडालं. एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात मोबाईल आणि त्यावर लाल अक्षरं: 'तुमची सत्ता उलथवण्यात आली आहे.' राहुरीच्या भर बाजारात माणसाला अशी बातमी कळणं काही बरं नव्हे. त्यांचा चेहरा बघून भाजीवाली म्हणाली, "काय झालं बाबा? कोन गेलं का?"

"मीच गेलो," सहादेवराव म्हणाले आणि कोथिंबीर न घेताच घरी आले. त्यावरून पंकजाबाईंनी जे ऐकवलं ते इथं सांगण्यात अर्थ नाही. संसारी माणसाला ते पाठच असतं.

खेळाचं नाव 'लोखंडी मूठ'. आपण एका देशाचे हुकूमशहा. खेळात आपल्याला 'साहेब' म्हणतात. वर तीन पट्ट्या: जनता, फौज आणि गोदाम. मंत्री येऊन काहीतरी विचारतो, आपण दोनांपैकी एक उत्तर दाबायचं, की पट्ट्या वरखाली होतात. एखादी पट्टी पार रिकामी झाली, किंवा फौजेची फारच भरली, की साहेब घरी. मुलगी आरती पुण्याहून आली होती, तिनंच हा खेळ मोबाईलमध्ये टाकून दिला. निवृत्तीनंतर सहादेवराव नळाच्या पाण्यावरून सगळ्या आळीशी वाद घालत बसायचे, तेव्हा ती म्हणाली, "अण्णा, हुकूमच सोडायचेत ना? मग ह्यात सोडा."

बिचारीला काय ठाऊक, की तिच्या बापानं आयुष्यात एकही हुकूम धड सोडलेला नव्हता! सहादेवराव कालव्यावर निरीक्षक होते. कुणाच्या रानात कधी पाणी जाणार हे त्यांच्या हातात, म्हणून गावोगावची माणसं त्यांना हुकूमशहाच समजत. प्रत्यक्षात कालव्याच्या चारीच्या एका अंगाला एक शेतकरी फावडं घेऊन उभा, दुसऱ्या अंगाला दुसरा, खिशात वरच्या साहेबाचा फोन वाजतोय आणि मधे लुनावर हा हुकूमशहा! आपण एक आज्ञा द्यावी आणि ती कुणीतरी मुकाट्यानं पाळावी, एवढी एकच इच्छा नोकरीत अपुरी राहिली होती.

मात्र नोकरीनं एक सवय हाडात मुरवली होती. हुकूम काढला की तो सगळ्यांना कळवायचा. चौकीच्या फळ्यावर लिहायचा, गावात दवंडी द्यायची, संबंधितांना प्रत पाठवायची. प्रत न गेलेला हुकूम हा हुकूमच नव्हे. त्यामुळे प्रत्येक फर्मानानंतर खेळ जेव्हा विचारी, 'सर्वांना कळवायचे का?' तेव्हा सहादेवराव अगदी मनापासून 'होय' दाबत. हे 'सर्व' म्हणजे आपली खेळातली प्रजा, असा त्यांचा समज. खेळानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, 'तुमच्या संपर्क यादीत येऊ का?' दाराशी आलेल्याला नको म्हणायची आपल्याकडे रीत नाही. सहादेवराव म्हणाले होते, ये बाबा.

आता राज्य म्हटलं की सल्लागार आलेच. शेजारचे छगनराव एसटीत कंडक्टर होते. जन्मभर घंटी मारून गाडी थांबवलेला माणूस, त्यामुळे अधिकार कशाला म्हणतात ते आपल्यालाच कळतं अशी त्यांची खात्री. रोज सकाळी ते ओट्यावर येऊन बसत आणि मोबाईलमध्ये डोकावून म्हणत, "सायेब, लई ढिलं राज्य हाय तुमचं. दोन-चार आत टाका." समोरच्या गोजरबाईंचं धोरण वेगळं होतं. "मला नगं बाई मंत्रीपद," त्या म्हणाल्या, "पर आमच्या ह्यांना द्या कायतरी. नुसतं घरात बसून हायती."

खेळात मंत्र्यांना आपल्या मर्जीचं नाव आणि फोटो देता येत होता, हेच चुकलं. छगनरावांना दळणवळण दिलं. गोजरबाईंच्या ह्यांना सेनापती केलं, तर त्यांनी दुपारच्या आत उठाव केला. मग छगनरावांनी सेनापतिपद मागून घेतलं आणि त्यांनीही उठाव केला. सहादेवरावांचा न्याय असा, की कालव्याचं पाणी जसं पाळीपाळीनं सगळ्यांना मिळतं तशी फौजही मिळावी, कुणाची तक्रार नको. ते बिनचूक पाळी लावत आणि ज्याची पाळी तो गादी बळकावी. पंकजाबाई गहू निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, फौज म्हणजे काय रब्बीचं आवर्तन आहे का?"

शेवटी सहादेवरावांनी शांत डोक्यानं विचार केला. आपण आयुष्यात खरोखर कुणाला भ्यालो? वरच्या साहेबाला नाही, पंकजाबाईंनाही नाही (हे त्यांचं मत). भ्यालो ते एकाच माणसाला, चांगुणाअक्काला.

थोरली बहीण. लहानपणी अकोले तालुक्यातल्या डोंगरात आईबाप दिवसभर भाताच्या खाचरात आणि घरात तिघंच: अक्का, सहादू आणि धाकटा गोरख. राज्य अक्काचं. गूळ किती द्यायचा, विहिरीकडं कुणी जायचं नाही, कुणी किती वेळ एका पायावर उभं राहायचं, सगळं ती ठरवी. स्वतः फार तर दहा वर्षांची असेल. पण तिच्या राज्यात कुणी उपाशी निजलं नाही. भाकरी कमी पडली तर तिला नेमकं त्या दिवशी पोटात दुखायचं. पुढं शाळा झाली, नोकरी झाली, पेन्शन आली, पण त्या काळाइतकं निर्धास्त सहादेवरावांना पुन्हा कधी वाटलं नाही. आपल्याला काही ठरवायचं नाही, अक्का आहे, ह्यासारखं सुख नाही हो!

तर अक्काला सेनापती केलं. भाच्याच्या लग्नातला फोटो लावला, नथ घातलेला, ओठ आवळलेला. आणि अन्नमंत्री केलं गोरखला. गोरक्षनाथ, म्हणजे गोरख, जाऊन दोन वर्षं झाली होती. चालताबोलता बांधावर बसला तो बसलाच. त्याचा जत्रेतला फेटा बांधलेला फोटो होता, पुढचा अर्धा तुटलेला दात दाखवत हसणारा. लहानपणी भाकरीच्या टोपल्यावर डोळा असायचा तो ह्याचाच, म्हणून त्याच्याकडं गोदाम.

आणि काय सांगावं, राज्याला बरकत आली! फौज चिडीचूप, जनता खूश. रोज सकाळी खेळ उघडला की पहिला गोरख हजर: 'साहेब, गोदामाची चावी कोणाकडे देऊ?' सहादेवराव म्हणत, "ठेव बाबा तुझ्याकडंच," आणि तसं बटण दाबत. पंकजाबाई हे आतून ऐकत आणि हातातलं काम चालू ठेवत.

ह्या काळात बाहेरही चमत्कार घडत होते. दूधवाला भल्या पहाटे येऊ लागला. गॅसवाला सिलेंडर ठेवून चक्क सलाम ठोकून गेला. एक पुतण्या रोज तासभर फोनवर रडगाणं गाई, त्याचा फोन बंद झाला. सहादेवरावांनी आरशात पाहिलं आणि सत्तेनं माणसाच्या चेहऱ्यावर तेज येतं असा निष्कर्ष काढला. आदल्या आठवड्यात आपण 'प्रजेने सूर्योदयापूर्वी कामाला लागावे' आणि 'फोनवर फार बोलणाऱ्यांवर पाळत ठेवली जाईल' अशी फर्मानं काढली होती, ह्याचा नि त्याचा संबंध काही त्यांच्या ध्यानात आला नाही.

दिवाळी तोंडावर आली होती. दर दिवाळीला सहादेवराव मुराळी होऊन, म्हणजे माहेरी न्यायला आलेला भाऊ होऊन, अक्काला आणायला जात. इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. गोरख गेल्यावर गावातलं घर बंद झालं, तेव्हापासून अक्काला माहेर म्हणून राहुरीचं हे एकच दार उरलं होतं. जायच्या आदल्या दिवशी सकाळी मोबाईलवर काळी पाटी आली: 'सेनापती चांगुणा फारच बलवान झाली आहे. ती तुमच्याविरुद्ध कट करत आहे. अटक करा / दुर्लक्ष करा.'

"अटक!" छगनराव म्हणाले.

"अहो, बहीण आहे माझी."

"बहीण तिकडं डोंगरात. ह्यो सेनापती मोबाईलमधला. घंटी मारायची तवा मारली न्हाई तर गाडी पुढं जाती सायेब."

"आमचे ह्ये उठाव करतील असं तरी कुठं वाटलं हुतं?" गोजरबाईंनी भर घातली.

सहादेवराव घामाघूम झाले. इतकं लांबलेलं राज्य पुन्हा होणे नाही. त्यांनी डोळे मिटून 'अटक' दाबलं. 'सर्वांना कळवायचे का?' अर्थातच. तीस वर्षांची सवय, डोळे मिटलेले असले म्हणून काय झालं!

क्षणभरानं आत स्वयंपाकघरात ठेवलेला पंकजाबाईंचा मोबाईल वाजला. मग छगनरावांच्या खिशातला वाजला. मग गोजरबाईंच्या घरातून त्यांच्या ह्यांचा वाजला. आजवरचे असे निरोप पंकजाबाई आणि शेजारी जाहिरात समजून न उघडताच पुसत आले होते, पण ह्यावर फोटो होता. पंकजाबाई हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आल्या. त्यांच्या मोबाईलवर गजांमागे अक्काचा नथीतला फोटो होता आणि खाली मजकूर: 'फितूर चांगुणा हिला अटक करण्यात आली आहे. तिची सर्व मालमत्ता सरकारजमा. आदेशावरून, सहादेव वाळुंज.'

"अहो," त्या म्हणाल्या, "हे वन्संना पण गेलं असेल."

गेलं होतं. अक्काला, भाच्यांना, दूधवाल्याला, दाताच्या डॉक्टरला, कालव्यावरच्या जुन्या मंडळींना, सगळ्या संपर्क यादीला गेलं होतं. दूधवाल्याच्या पहाटेचं कोडं त्या क्षणी सुटलं. सहादेवरावांनी लगेच अक्काला फोन लावला.

अक्का फोन घेईना. शेवटी तिची सून रेश्मा बोलली. "मामा, आईंनी गाठोडं बांधलंय. ओट्यावर बसल्यात. म्हणतात, पोलीस येऊ द्या, मी तयार हाय."

"अगं, तो खेळ आहे! सांग तिला."

"सांगितलं की. त्यांना कळतंय सगळं. म्हणल्या, खेळात का व्हईना, फितूर म्हनलाच ना? आनी मामा, भात सोंगायचं टाकून लोक विचारायला यायल्यात. म्हातारीनं माहेरच्या रानात हिस्सा मागितला असंल, म्हनून भावानं ह्ये काढलं, असं चाललंय गावात. आईंनी निरोप दिलाय, मुराळी म्हनून यायचं न्हाई."

अक्कानं माहेरच्या जमिनीतलं कधी ढेकूळसुद्धा मागितलं नव्हतं. सहादेवरावांना रडावंसं वाटलं, पण ओट्यावर छगनराव होते.

छगनराव म्हणाले, "सायबर गुन्हा! चला ठाण्यात." पडत्या काळात माणूस कुणाचंही ऐकतो. ठाण्यात हवालदारानं कागद ओढून विचारलं, "तक्रार कोणाविरुद्ध?"

"हुकूमशहाविरुद्ध."

"नाव?"

"सहादेव रामभाऊ वाळुंज."

"तुमचं नंतर लिहितो. हुकूमशहाचं सांगा."

"तेच."

हवालदारानं पेन खाली ठेवलं, छगनरावांकडं पाहिलं आणि मग फार सौजन्यानं विचारलं, "बाबा, घरी कोन कोन असतं?" सगळा प्रकार ऐकल्यावर तो म्हणाला, "अटक तुमी केली, तर सोडायचा अधिकार बी तुमचाच. आमच्या हद्दीत तुमचं राज्य येत न्हाई." जाताना त्यानं आपला नंबर मात्र यादीतून काढून टाकायला सांगितलं, कारण फर्मानं त्यालाही येत होती. कधीकाळी त्याच्या रानाला सहादेवरावांनीच पाणी दिलं होतं.

घरी येऊन त्यांनी खेळात माफीचं बटण शोधलं. सापडलंही. पण खाली लिहिलं होतं: 'फितुराला माफी देणारा शासक गादीवर राहू शकत नाही. सिंहासन सोडल्यास सर्व कैदी मुक्त होतील आणि तुमचे मंत्रिमंडळ कायमचे नष्ट होईल, ती नावे व फोटो पुन्हा वापरता येणार नाहीत. सोडायचे?' सहादेवरावांनी बराच वेळ अंगठा अधांतरी धरला आणि मोबाईल पालथा ठेवला.

"इतकं लांबलेलं राज्य आहे," ते पंकजाबाईंना म्हणाले. "असं कसं एकदम..."

पंकजाबाईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. "गोरखभाऊजींसाठी ना?" त्या म्हणाल्या. सहादेवरावांनी खुंटीवरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा खुंटीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी निरोप धुडकावून ते निघालेच. संगमनेरला एसटी बदलली, अकोल्याला जीप धरली. जीपवाल्यानं नाव विचारलं आणि म्हणाला, "म्हंजी बहिनीला आत टाकलं ते तुमीच का?" पुढं राजूर मागं पडेपर्यंत जीपमधल्या एकाही माणसानं त्यांच्याकडं तोंड केलं नाही. बाहेर सगळीकडं भाताची सोंगणी-कापणी चालू होती, पिवळ्या खाचरांतून तोच ओला पेंढ्याचा वास येत होता आणि सहादेवरावांना आपण सात वर्षांचे असून काहीतरी फोडून घरी चाललोय असं वाटत होतं.

अक्का ओट्यावरच होती. शेजारी गाठोडं.

"आलास?" ती म्हणाली. "बेड्या आनल्या का?"

"अक्का, तसं नाही गं. ती फौजेची पट्टी भरली ना, की तो खेळ आपोआपच..."

"कट केला मी तुझ्याइरुद्ध. व्हय ना? कधी केला रं? तुला गोवर निघाला हुता, तवा रातभर बसले, तवा केला का?"

सहादेवरावांचं सगळं प्रशासकीय बळ सरलं. "चुकलो गं," ते म्हणाले आणि तिच्या पायाशी खालच्या पायरीवर बसले. रेश्मा पाणी घेऊन आली आणि ते बघून पुन्हा आत गेली.

"दाव," अक्का म्हणाली.

त्यांनी मोबाईल उघडून दिला. अक्कानं चष्मा लावून गजांमागचा आपला फोटो बराच वेळ पाहिला. "नथ तेवढी बरी दिसती," ती म्हणाली. तेवढ्यात मोबाईल किणकिणला आणि फोटो बदलला. फेटा, अर्धा दात, हसू. अक्का दचकली.

"गोरख हाय व्हय रं ह्यात?"

"अन्नमंत्री केलाय त्याला."

"बोलतो?"

"रोज सकाळी येतो. गोदामाची चावी कुणाकडं देऊ म्हणून विचारतो."

"मंग?"

"तुझ्याकडंच ठेव म्हणतो मी."

"त्याच्याकडं?" अक्काचा आवाज चढला. "येडा का खुळा तू? गूळ राहील का गोदामात?" आणि तिला हसू फुटलं. सहादेवरावही हसले. दोघं हसत राहिले, आणि मग अक्कानं चष्मा काढून पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ तो तसाच धरला.

"अक्का, ऐक," सहादेवराव म्हणाले. "हे एक बटण आहे. मी गादी सोडली की तू सुटतेस, आणि तसं सगळ्यांना कळवता येतं. जीपवाल्यापासून सगळ्यांना. गावाचं तोंड बंद होईल."

"मंग दाब की. वाट कशाची बघतोस?"

"मंत्रिमंडळ जातं त्यात. कायमचं."

"म्हंजी?"

"गोरख जातो."

अक्का मोबाईलकडं बघत राहिली. समोरच्या खाचरात बाया पेंढ्या बांधत होत्या, त्यातल्या एकीनं हाक मारून विचारलं, "काय म्हनतोय भाऊ? सोडलं का?" अक्कानं तिला हातानंच थांब म्हटलं.

"ऱ्हाऊ दे मला आत," ती हळूच म्हणाली. "मला काय हुतंय?"

"अगं, पण लोक म्हणतायत..."

"म्हनू दे. म्हातारी फितूर हाय म्हन. माझं काय लगीन ठरायचंय का आता?" तिनं गाठोडं उचलून त्यांच्या मांडीवर टाकलं. "ऊठ. दिस मावळायच्या आत राहुरी गाठायची हाय. पंकजानं करंज्या केल्या असतील, का तिलाबी टाकलीस आत?"

जीप तीच मिळाली. जीपवाला आरशातून बघत म्हणाला, "आजी, सुटला का?"

"कशाची सुटते! जन्मठेप हाय," अक्का ऐटीत म्हणाली. "भावाच्या घरी ठेवायला चाललाय." सगळी जीप हसली, आणि सहादेवरावांकडं पाठ करून बसलेल्या एका म्हाताऱ्यानं सरकून त्यांना नीट बसायला जागा दिली.

मोबाईल अक्कानं आपल्याच ओच्यात ठेवला होता. उतारावर तो पुन्हा किणकिणला. तिनं तो सहादेवरावांपुढं धरला. "बघ, काय म्हनतोय."

सहादेवरावांनी वाचलं, "म्हणतोय, साहेब, धान्य आलं आहे. आधी फौजेला देऊ की जनतेला?"

"आधी तू जेव म्हनावं."

"अक्का, तसं बटण नाही."

"मंग तोंडानं सांग."

सहादेवरावांनी आजूबाजूला पाहिलं. जीप खच्चून भरलेली, सगळ्यांचे कान इकडंच. कालवा निरीक्षक, निवृत्त, वाळुंज साहेबांनी घसा खाकरला, मोबाईल तोंडाजवळ धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गोरख, अक्का सांगतीय, आधी तू जेवून घे."